कागदावरचं पाऊल

फोनवरून कोल्हापुरी विकते म्हटलं की लोक आधी फोटोबद्दल विचारतात. फोन कुठला, उजेड कुठला, रील किती सेकंदांचं. या धंद्यातली खरी अडचण मापाची आहे. दुकानात गिऱ्हाईक येतं, पाय घालतं, चार पावलं चालतं, अंगठा रुततोय का ते सांगतं. पुण्यातल्या किंवा न्यू जर्सीतल्या माणसाचा पाय मला दिसत नाही. तो लिहितो, "आठ नंबर पाठवा." हा आठ नंबर त्याच्या बुटाचा असतो आणि तोही कंपनीगणिक वेगळा. शिवाय बुटात पाय कसाही मावतो. कोल्हापुरीत अंगठा आहे, कान आहेत, वरचा पट्टा आहे. लांबी अगदी बरोबर आली आणि पायाचा चढ चुकला तरी ते पायताण कोपऱ्यात पडून राहतं.

म्हणून मी नंबर घेत नाही, कागद मागते. संध्याकाळी मागते, कारण दिवसभराच्या चालण्यानं पाय थोडा भरलेला असतो. कोरा कागद फरशीवर ठेवायचा, त्यावर पूर्ण भार देऊन उभं राहायचं, पेन्सिल सरळ धरून दुसऱ्या कोणाकडून तरी पावलाची कड काढून घ्यायची. स्वतः वाकून काढली की भार सरकतो. दोन्ही पायांची काढायची, कारण डावा-उजवा सारखा असतोच असं नाही. चवड्याभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजायची. मग कागदाशेजारी स्टीलची पट्टी ठेवून फोन बरोबर वर धरून फोटो काढायचा. तिरका काढला तर पाऊल खोटं दिसतं, पट्टीवरून ते लगेच कळतं. हे सगळं मी एका व्हिडिओत आमच्याच घरातल्या पायांवर करून दाखवलंय. मी केलेल्या व्हिडिओंमध्ये हा सगळ्यात कमी देखणा आहे आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा.

कागदाचा फोटो आला की मी त्यावरून खऱ्या मापाची आकृती काढते आणि सासऱ्यांपुढे ठेवते. त्यांना मी मामा म्हणते. ते चष्मा लावून बघतात आणि म्हणतात, "अंगठ्याखालचं हाड भाईर आलंय बघ. पट्टा तिथं दाबंल. जरा पुढं घेऊ." गिऱ्हाइकानं हे हाड सांगितलेलं नसतं. मी फोन करून विचारते, तेव्हा पलीकडून आवाज बदलतो. "तुम्हाला कसं कळलं?" या प्रश्नापासून तो माणूस आमचा गिऱ्हाईक होतो. त्याआधी तो नुसता बघणारा होता.

समाजमाध्यमांवर छोटा धंदा चालवण्याबद्दल मला जे काही कळलंय ते या फरकाभोवतीच आहे. बघणारे खूप मिळतात. त्यातल्या काहींना ओळखायला शिकवावं लागतं: चामडं, शिलाई, आणि ते करणारा हात. जो ओळखायला शिकला तो टिकतो.

आता दाखवायचं काय, ते सांगते. माझा भाग वेणीचा. आमच्याकडे बाया पिढ्यानपिढ्या वेणी घालत आल्या. तळ कापणं, ठोकणं, टाच बसवणं बहुतेक पुरुषांकडे. बकऱ्याच्या पातळ कातड्याच्या वाद्या कापायच्या, ओलसर ठेवायच्या आणि एकसारख्या ताणानं गुंफायच्या. ताण कमी-जास्त झाला की पट्ट्यावर वेणी वाकडी बसते. वेणी घालतानाचा व्हिडिओ लोकांना आवडतो, बोटं भराभर चालतात म्हणून. पण मी तो पळवत नाही. वेग वाढवला की काम सोपं वाटतं, आणि सोप्या कामाला कोणी चांगले पैसे का द्यावेत?

चपलेचा आवाजही दाखवता येतो. तळाच्या थरांत, आम्ही ज्याला विंचू म्हणतो ते बसवलं की चप्पल चालताना करकर वाजते. पूर्वी शेताच्या बांधावरून कोण येतंय ते नुसत्या आवाजावरून कळायचं, असं मामा सांगतात. अशा रीलवर मी गाणं लावत नाही. गाजलेलं गाणं लावलं तर ते जास्त फोनांवर पोचेल, असा सल्ला मला पुष्कळांनी दिला. पोचेलही. पण करकर ऐकू आली नाही तर काय पोचलं? फोन जमिनीशी धरायचा, पंखा बंद करायचा, आमच्या बोळातून गाडी जात नसेल तेव्हा चार पावलं चालायचं. कापशी, पुकरी, कानवाली अशी चपलेची नावं मात्र प्रत्येक वेळी लिहायची. नाव माहीत झालं की माणूस नावानं मागतो. "ती तपकिरी सँडल" म्हणणारी मुलगी पुढच्या खेपेला "कापशीच पाहिजे, गोंड्याची" असं लिहिते, तेव्हा मला मनापासून बरं वाटतं.

रंगाचा प्रश्न मोठा आहे. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमवलेलं चामडं सुरुवातीला फिकट असतं. तेल पडून, ऊन लागून, पायाचा घाम पिऊन ते हळूहळू गडद होतं. फोनला हे मान्य नसतं, तो स्वतःच्या मनानं रंग भडक करतो. ट्यूबलाइटखाली तर चामडं पिवळं पडतं. मी सकाळी दारातल्या उजेडात, थेट ऊन टाळून फोटो काढते, रंग बदलणारं काहीही लावत नाही, आणि शेजारी वापरून जुना झालेला जोड ठेवते. नवा आणि जुना एकाच चौकटीत दिसले की पुढचं बोलणं सोपं होतं. पहिले काही दिवस चप्पल आवळते, हे मी विकायच्या आधी लिहिते. चामडं पायाप्रमाणे सैल होतं, म्हणून ती मुद्दाम थोडी घट्ट केलेली असते. एरंडेलाचं बोट फिरवा, आधी घरात वापरा, पावसात घालू नका. हे वाचून काही लोक परत फिरतात. फिरू देत. पार्सल उघडल्यावर रागावण्यापेक्षा ते आधीच फिरलेले बरे.

किमतीवरचे शेरे रोज येतात. "बाजारात चारशेला मिळते." मिळते, खरं आहे. त्यातल्या बऱ्याच रेक्झिनच्या असतात, तळ साच्यातून काढलेला, शिलाई नुसती छापलेली. अशा शेऱ्याला मी चिडून उत्तर देत नाही आणि तो पुसतही नाही. दोन्ही चपला उलट्या करून व्हिडिओ करते. खऱ्या कोल्हापुरीच्या तळाच्या कडेला चामड्याच्या वादीची शिलाई दिसते, खिळा नसतो. कड बघा, थर मोजा, वास घ्या. चामडं कमवायलाच आठवडे जातात, आणि आजकाल ते पुष्कळदा परराज्यातून आणावं लागतं, हेही सांगते. ज्या व्हिडिओवर लाखभर नजरा पडल्या त्यातून क्वचितच मागणी आली. उलट्या चपलांचा व्हिडिओ त्या मानानं फार थोड्यांनी पाहिला, पण मागणी आजही त्यातूनच येते. आकडा मोठा दिसला की घरातल्यांना आनंद होतो, तो मी त्यांना होऊ देते; कच्चा माल किती आणायचा हे मात्र कागदांच्या गठ्ठ्यावरून ठरवते.

2025 च्या जूनमध्ये मिलानमधल्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं पुरुषांच्या कपड्यांबरोबर आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. मग जो गदारोळ झाला तो सगळा फोनवरच झाला. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर एवढे जिल्हे त्यात आहेत, हे त्या आठवड्यात पहिल्यांदा कितीतरी लोकांना कळलं. लोकांच्या बोलण्याला जोर होता. कंपनीनं महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं मान्य केलं, पुढे त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन गेली, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकाच्या लिडकार या महामंडळांबरोबर मिळून जोड बनवण्याचं जाहीर झालं. लोकांनी आवाज उठवला नसता तर यातलं काही झालं असतं असं मला वाटत नाही. त्या लोकांची मी ऋणी आहे.

तरी एक गोष्ट मला तेव्हा खुपली आणि अजून खुपते. "आमची कोल्हापुरी" असं सगळे लिहीत होते. फोटोत चपला होत्या, जुन्या वाड्यांच्या पायऱ्या होत्या, फेटे होते. चप्पल बनवणारा माणूस फार थोड्या फोटोंत होता. हा धंदा चर्मकार समाजानं सांभाळला. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला आधार दिला, हे कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण चामड्याला हात लावणाऱ्यांना गावानं किती लांब ठेवलं हेही ठाऊक आहे. पायात घातलेली चप्पल चालायची, ती शिवणाऱ्याच्या हातचं पाणी चालायचं नाही. आमच्या घरातल्या थोरांनी शिवलेले जोड दुसऱ्यांच्या दुकानांच्या नावानं विकले गेले. तेव्हा रीतच तशी होती, माल द्यायचा आणि पैसे घ्यायचे. पायात घालणाऱ्याला शिवणारा माहीत नसायचा.

फोनमुळे ही रीत मोडता येते, आणि माझ्यासाठी फोनचं मोल इथं आहे. जाहिरात तर पैसे देऊनही होते. पण रापी धरलेला मामांचा हात, आरीनं भोक पाडून वादी ओढणारे माझे मालक, वेणीवर बसलेल्या आम्ही दोघी जावा, यांना त्यांच्या नावानिशी दाखवायचं काम दुसरं कोणी करणार नव्हतं. सुरुवातीला मामा नको म्हणाले. "मला कशाला घेतीस? पायताणाचा काढ की फोटो." त्यांची पिढी आपलं काम लोकांपासून आड ठेवायचं हेच शिकलेली होती. मी हट्ट केला नाही. फक्त त्यांच्या हातांचे व्हिडिओ टाकले. एका गृहस्थांनी आपल्या वडिलांसाठी जोड मागवताना लिहिलं, "त्या आजोबांनीच तळ कापावा, ही विनंती." मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानंतर मामा स्वतःच विचारायला लागले, आज काढणार का व्हिडिओ म्हणून.

नव्यानं धंदा सुरू करणाऱ्या पोरी मला विचारतात, तेव्हा एक गोष्ट मी आवर्जून सांगते. इन्स्टाग्राम असो, फेसबुक असो, ती भाड्याची खोली आहे, मालक कधी कुलूप बदलेल सांगता येत नाही. 29 जून 2020 रोजी टिकटॉक आपल्या देशात बंद झालं, आणि गावोगावच्या कितीतरी गुणी माणसांचे जमवलेले लोक एका रात्रीत गेले. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप सगळंच काही तास बंद पडलं. म्हणून वही हवी. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, फोन, पायाची आकृती, काय घेतलं, कधी घेतलं, हे सगळं माझ्याकडे कागदावर आहे. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच मावतात, आणि ज्यांनी माझा नंबर आपल्या फोनात ठेवलाय त्यांनाच निरोप पोचतो. अनेकांना ही अडचण वाटते. मला ती चाळण वाटते, कारण ज्यानं नंबर ठेवला त्याला आपण हवे आहोत. त्या यादीला मी दिवाळीआधी आणि लग्नसराईआधी लिहिते, उगाच सुप्रभात पाठवत नाही. पावसाळ्यात जुने जोड कसे ठेवायचे ते कळवते: प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, बुरशी धरते, वर्तमानपत्रात ठेवा, अधूनमधून तेल लावा. विकायला काही नसताना लिहिलेला हा निरोप लोक जपून ठेवतात.

चामडं कमवण्याचं काम अजून मी दाखवलेलं नाही. ते दाखवायचं आहे. सालीचा रस, हिरड्याचं पाणी, त्यात मुरणारं कातडं, आणि तिथं उभी राहून काम करणारी म्हातारी माणसं. ते बघायला सुंदर नाही आणि वासाचं आहे, पण सगळं तिथून सुरू होतं. ज्या कुटुंबाकडून आम्ही चामडं घेतो त्यांच्याशी बोलणं चालू आहे. दाखवायचं की नाही, कोणाचा चेहरा घ्यायचा आणि कोणाचा नाही, हे ते ठरवतील.

दरम्यान आमच्या भावकीतला एक पोरगा, एमआयडीसीतली नोकरी करून संध्याकाळी टाचा बसवायला येतो तो, माझ्या फोनमध्ये बघत म्हणाला, "काकू, टाच माझी हाय, माझं बी नाव टाक की." मी टाकलं. आता प्रत्येक जोडाच्या फोटोखाली तळ कोणी कापला, शिवला कोणी, टाच कोणाची, वेणी कोणाची हे लिहिते. ठाण्याच्या एक बाई आहेत, त्यांनी परवा दुसरा जोड मागवला. कागद जुनाच चालेल, म्हणाल्या, फक्त वेणी गेल्या वेळी ज्यांनी घातली होती त्यांच्याकडूनच करून घ्या. ती वेणी माझ्या जावेची होती. ती चार दिवस माहेरी गेली होती, म्हणून तो जोड आम्ही थांबवून ठेवला.