घरात शिवलेली वही

वही शिवायला दोन हात पुरत नाहीत. एकाने कागदांची घडी दाबून धरायची, दुसऱ्याने दाभणाने भोकं पाडायची, तिसऱ्याने दोऱ्याला मेण लावून सुई ओवून द्यायची. तसं एकटीलाही जमतं. शाळांची हजेरीपत्रकं, भजनी मंडळाच्या उसवलेल्या पोथ्या, दुकानांच्या खतावण्या माझ्याकडे बांधणीला येतात, त्या मी एकटीच हातावेगळ्या करते. पण घरासाठी वही करायची ठरली की मी मुद्दाम सगळ्यांना चटईवर बसवते. काम लांबतं, आणि ते लांबावं असंच मला वाटत असतं.

आम्ही फर्दापूरचे. अजिंठ्याला येणारे लोक आमच्या फाट्यावर उतरतात, लेणीच्या बसमध्ये चढतात, परत येताना गारगोटीचे चमकते दगड घेतात आणि निघून जातात. त्यांना गाव दिसत नाही. पण भिंतीवरची चित्रं उतरवून घ्यायला जे आले, त्यांना इथे राहावंच लागलं. 1909 ते 1911 या काळातल्या हिवाळ्यांत ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या चित्रकार बाईंचा तळ फर्दापूरला पडला होता. सोबत नंदलाल बोस, असितकुमार हलदार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्ता आणि हैदराबादहून आलेले सय्यद अहमद व मोहम्मद फझलुद्दीन. त्या नकलांचं पुस्तक 1915 मध्ये लंडनमध्ये निघालं.

त्यांच्या आधीच्या दोघांच्या नशिबी वेगळंच आलं. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं खपून केलेली मोठमोठी तैलचित्रं 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बहुतेक सगळी जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन 1872 पासून इथे येत राहिले. त्यांच्याही कितीतरी नकला 1885 मध्ये लंडनच्याच संग्रहालयात आगीत गेल्या. मग 1896-97 मध्ये त्यांचे दोन छापील खंड निघाले. मुलांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. जे पुस्तकात गेलं ते चार घरी पोचलं.

माझी मुलं लेणीतून आली की दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातली हंसांची रांग काढतात, छतावरची कमळं काढतात. सोमवारी लेणी बंद असते, त्या दिवशी आठवून काढतात, आणि मला तीच पानं जास्त आवडतात. हंसाची मान कुठे वळते हे आठवायला बघताना नीट बघावं लागतं. स्वतः शिवलेल्या वहीत काढायचं म्हटलं की पोरं पेन्सिल टेकवण्याआधी थांबतात. विकतच्या वहीत थांबत नाहीत, हे मी रोज पाहते.

कागदाचं म्हणाल, तर त्याचं माहेर आमच्याच जिल्ह्यात आहे. दौलताबाद आणि खुलदाबादच्या मधे कागझीपुरा नावाचं गाव आहे. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, त्या लोंढ्यात कागद करणारे कारागीर आले आणि तिथे वसले असं मानतात. चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, लगदा हौदात कालवायचा, साच्यावर एकेक ताव उचलायचा, दाबून पाणी काढायचं, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. दौलताबादी कागद दप्तरांत चालायचा, पोथ्यांना चालायचा. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि धंदा आटला. आता हे काम करणारी माणसं मोजकीच उरली आहेत.

त्या कागदाची किंमत मला बांधणीत कळते. चिंध्यांच्या लगद्याचे जुने ताव शेकडो वर्षं टिकलेले आहेत, घडीवरही तुटत नाहीत. उलट साठ-सत्तर वर्षांपूर्वीची गिरणीच्या कागदाची रजिस्टरं माझ्याकडे येतात तेव्हा पान उलटताना कोपरा हातात येतो. लाकडाचा लगदा आणि त्यात घातलेली राळ-तुरटी, यांतून आम्ल सुटतं आणि कागद आतून खातं. अशा पानाला सुई लावायची म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. म्हणून घरच्या वहीसाठी मी हातकागद जपून आणते, आणि उरलेला आम्ही घरीच करतो.

घरचा कागद करणं हा मुलांचा खरा सण. वर्षभराच्या जुन्या उत्तरपत्रिका आणि भरलेल्या वह्या फाडून रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी मिक्सरमधून काढायच्या. चकचकीत मासिकाची पानं यात घालू नयेत, त्यांच्यावरचा लेप लगद्यात गाठी धरतो. जुन्या पाटीची लाकडी चौकट आमच्याकडे साचा झाली आहे. पाटी फुटली होती, चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून खिळ्यांनी ठोकली. ती टबात तिरकी बुडवायची, आडवी करून सरळ वर उचलायची आणि पाणी गळत असतानाच हलकेच एकदा मागे-पुढे, एकदा डावी-उजवीकडे हलवायची. तेवढ्या हलण्याने तंतू एकमेकांत अडकतात. जास्त हलवलं तर ताव एका बाजूला जाड होतो. मुलगी हे माझ्यापेक्षा चांगलं करते, तिचा हात थांबायचा कधी ते ओळखतो. फाल्गुनात डोंगरावरचा पळस फुलतो, तेव्हा फुलं उकळून त्याचं पाणी लगद्यात घालतो आणि पिवळसर ताव निघतात. साबुदाण्याची पातळ खळ लावली नाही तर शाई फुटते. चैत्रातल्या उन्हात ताव बघता बघता वाळतो आणि पापडासारखा वाकडा होतो, म्हणून किंचित ओलसर असतानाच तो काढून कापडाच्या घड्यांत घालून वर पाटा ठेवायचा.

शिवणीचा अधिकार मात्र सासूबाईंचा. बाजारातली वही त्यांनी उभ्या आयुष्यात वापरली नाही, अक्षरओळखही बेताचीच, पण गोधड्या शिवण्यात हयात गेली. तीन भोकांची साधी शिवण असते. आतून मधल्या भोकातून सुई बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं ओलांडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि लांब दोऱ्याच्या दोन्ही अंगांना टोकं घेऊन गाठ. हे मी शिकवू शकते. दोरा किती ओढायचा ते त्या शिकवतात. नातू दोरा वर उचलून ओढायला लागला की त्या त्याचं मनगट धरतात. "वर नको रे ओढू, फाटंल. घडीच्या अंगानं ओढ." बांधणीची पुस्तकंही हेच सांगतात, दोरा कण्याला समांतर ओढावा. आजींना ते गोधडीच्या काठाने केव्हाच सांगितलं होतं.

आमचे मालक, म्हणजे मुलांचे वडील, पुठ्ठा कापतात, कारण त्यांच्या हाताला पट्टी हलत नाही. पुठ्ठ्याचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर आहे ना ते वाकवून बघणं त्यांच्याकडेच. आडवा गेला तर खळ वाळताना पुठ्ठा बाक धरतो. मैद्याच्या खळीत जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मीही धंद्याच्या कामात घालते. मुलं हात घालणार असतील तेव्हा अजिबात नाही, ते विष आहे. घरच्या वहीसाठी त्या दिवसापुरती ताजी खळ करते.

कागदाची फुलं, आकाशकंदील, घड्यांचे पक्षी यांना माझा विरोध नाही, दिवाळीत आम्हीही करतो. पण पालक रात्री जागून शाळेसाठी चकचकीत वस्तू करून देतात आणि ती प्रदर्शनानंतर माळ्यावर जाते, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. वही अशी माळ्यावर टाकता येत नाही. कोरी पानं असतील तोवर ती मागत राहते. आपल्याकडे घराघरांत बाडं असायची, लांबट, अरुंद बाजूला शिवलेली, अभंग आणि आरत्या उतरवून घेतलेली. संताजी जगनाडे यांच्या हातची तुकोबांची गाथा अशाच हातच्या वह्यांतून आपल्यापर्यंत आली. ती माणसं हस्तकला करत नव्हती, त्यांना लिहायचं होतं आणि त्यासाठी वही लागत होती.

म्हणून आमच्याकडे वही शिवून झाली की आधी ती कशासाठी आहे ते ठरतं. एकीत सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्या सांगतात, मुलगी लिहिते, आणि शब्द अडला की दोघींची बराच वेळ वादावादी चालते. एक कपाशीची आहे, पेरणीपासून वेचणीपर्यंत मालकांनी लिहिलेली. हंसांची वही मुलाची. आता तो म्हणतो, पुढची जाड हवी, घडीला घडी साखळी टाक्याने जोडलेली, पूर्ण सपाट उघडणारी, म्हणजे हंसांची रांग दोन पानांवर सलग काढता येईल. त्यासाठी कागद कागझीपुऱ्याहून आणावा लागेल, आणि साखळी टाका आजींना दाखवायचा आहे. त्यांनी तो अजून केलेला नाही.