कोकणातली निजानीज : भाग २

शुक्रवार, रात्री, दादर

तुतारी एक्सप्रेस मध्यरात्री सुटते. दहा महिन्यांची चिकू आणि तीन वर्षांचा ओजस बरोबर असताना ही असली अडनिडी गाडी कशाला, असं शेजारच्या काकूंनी विचारलंच. पण ती दादरहूनच सुटते, त्यामुळे सामान लावून, जागा पुसून, अंथरूण घालून घ्यायला उसंत मिळते. शिवाय मुलं एरवी ज्या वेळात झोपतात त्याच वेळात निम्मं कोकण मागे पडतं. दिवसाच्या गाडीत त्यांना वेफर्सवर रमवत बसण्यापेक्षा हे कधीही बरं. या गाडीला २०१७ साली केशवसुतांच्या ‘तुतारी’चं नाव दिलं. निजलेल्यांना जागं करणाऱ्या कवितेच्या नावाची गाडी आम्ही पोरं निजवायला निवडली, याला काय म्हणावं!

घरी रोजच्याच वेळी, आठला, मऊभात, अंग पुसणं, दिवा बारीक, मग थोपटणं असं सगळं ओळीने केलं. फरक इतकाच की झोपतानाच प्रवासाचे कपडे घातले होते. साडेदहाला उचललं. टॅक्सीत चिकूने एकदा डोळे उघडून थेट माझ्याकडे पाहिलं. मी हसले नाही, ‘उठलं का माझं बाळ’ म्हटलं नाही, नजर खिडकीबाहेर ठेवली. सिग्नल सुटेपर्यंत डोळे परत मिटले होते.

शनिवार, पहाटे, गाडीत

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, म्हणून बर्थही मिळत नाही. हवा असेल तर पूर्ण भाडं भरायचं. ओजससाठी भरलं. चिकू माझ्यासोबत खालच्या बर्थवर, भिंतीच्या बाजूला, पाठीवर उताणी. मी कडेला कुशीवर, म्हणजे रात्रभर कठडाच. २०२२ च्या मे महिन्यात उत्तर रेल्वेने लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला ‘बेबी बर्थ’ बसवून पाहिला होता. कोकणच्या गाडीत मला तो अजून दिसलेला नाही.

समोरच्या कुटुंबाने वरच्या बर्थच्या साखळ्यांना साडीची झोळी बांधली. दिवसा, डोळ्यांसमोर, मूल हलवायला झोळीसारखं दुसरं काही नाही. रात्री मात्र मी बांधत नाही. झोळीत पाठीची कमान होते, हनुवटी छातीला टेकते आणि तान्ह्याचा श्वास अडू शकतो. त्यात आपण पेंगलेले असतो आणि ड्रायव्हर ब्रेक सांगून मारत नाही.

त्याच कुटुंबातल्या आजींनी आपुलकीने सुचवलं, ‘सर्दीचं औषध द्या चमचाभर, कणकवलीपर्यंत बघायला नको.’ हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहज दिला जातो की अंगावर काटा येतो. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावलं आहे. चाटणातला मधही वर्षाखालच्या बाळाला चालत नाही. आजींना एवढं सगळं मी सांगितलं नाही. ‘नको हो, तिची तीच झोपेल,’ म्हटलं.

रात्रभरात कळलं ते असं. गाडीच्या आवाजाने चिकू उठत नाही, आवाज थांबला की उठते. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, डबा नुसता घुमत होता, पण तिची पापणी हलली नाही. क्रॉसिंगला एका आडस्टेशनात गाडी उभी राहिली, सामसूम झाली आणि बाईसाहेब जाग्या. या वयात झोपेचं एक आवर्तन तासाभराचंच असतं. दोन आवर्तनांच्या सांध्यावर झोप पातळ होते आणि नेमकं तेव्हा आजूबाजूचं काही बदललेलं असेल तर मूल खडबडून उठतं. मग मीच तोंडाने गाडीचा आवाज काढत बसले. वरच्या बर्थवरच्या गृहस्थांनी डोकं बाहेर काढून पाहिलं. पाहू दे.

शनिवार, रात्री, आचऱ्याजवळ

गावच्या घरात पाऊल टाकल्यापासून चिकू जमिनीवर नाही. थोरल्या काकींकडून वहिनीकडे, वहिनीकडून शेजारच्या बाईंकडे, तिथून पडवीत. दुपारच्या झोपेची वेळ झाली तेव्हा पानात सुरमई पडत होती. मी तिला आत न्यायला निघाले तर काकी म्हणाल्या, ‘ऱ्हवांदे गो, चेडू दमलां की रात्री आपसूक निजतलां.’

हा समज कोकणापुरता नाही, पुण्या-मुंबईतही भेटतो. मोठा माणूस दमला की आडवा होतो, तान्हं मूल झोपण्याची वेळ टळली की उलट पेटतं. दिवेलागणीला चिकूने जी सुरुवात केली ती साडेदहापर्यंत. डोळे चोळतेय, कान ओढतेय, कमान करून मागे पडतेय. दहाला काकीच म्हणाल्या, ‘निजव गो तेका आत नेऊन.’

रविवार

आज घर आमच्या ताब्यात. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात मिळून १२ ते १६ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात दुपारची झोप धरलेली आहे, हे काकींना विशेष पटलं. सकाळची आणि दुपारची, चिकूच्या दोन्ही झोपा माजघरात झाल्या. कोकणातल्या माजघराइतकी दुपारी अंधारी, गार खोली शहरात पैसे मोजून मिळायची नाही.

पलंगाचा बेत रद्द केला. उंच पलंग, भोवती उशांचा कोट, ही घराघरातली रीत आहे, पण मऊ उशीत तोंड खुपसलं तर या वयात बाजूला व्हायला जमेलच असं नाही. खाली सतरंजी, तिच्यावर घट्ट पातळ गादी, वर मच्छरदाणी. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचल्या.

संध्याकाळी काकींनी न्हाणीघरात चुलीवरच्या पाण्याने तिला न्हाऊ घातलं. उष्टं लागलेलं, दुधाचा वास असलेलं दुपटं मुंबईहून न धुता आणलं होतं, तेच अंगाखाली. काकींना ते भयंकर वाटलं. पण खोली नवी, गादी नवी, छत नवं, तेव्हा नाकाला तरी काही जुनं हवं. आठ वाजता झोपली.

सोमवार

देवळात जत्रा, रात्री दशावतार. नाटक रंगतं मध्यरात्रीनंतर आणि इथली पोरं सतरंजीवर पहिल्या रांगेत बसतात, पेंगतात, राक्षस आला की उठतात. ओजसने जायचा धोशा लावला. नवरा म्हणाला, ‘एक रात्र काय होतंय?’ खरं तर काही होत नाही. पण परवाची रात्र गाडीत गेलेली, बुधवारी परत गाडी. एक जागरण मूल पचवतं, लागोपाठची नाही. मग तोड काढली. संध्याकाळीच त्याला देवळामागे नेलं. तिथे नट ट्रंकेवर आरसा टेकवून स्वतःच स्वतःला रंगवत होते. एकाची अर्धी मिशी काढून झाली होती. ओजस पाऊण तास हलला नाही. घरी येऊन जेवला आणि ‘मिशी, मिशी’ करत झोपला.

मंगळवार

मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, होडी. दोघंही वेळेवर झोपली. लिहिण्यासारखं काही नाही.

परतीचा प्रवास पुढच्या भागात. तोवर, नाताळच्या सुट्टीत ज्यांच्याकडे तान्हं मूल घेऊन पाहुणे यायचे आहेत त्यांना विनंती: पंचपक्वान्नं राहू द्या. एक अंधारी खोली रिकामी ठेवा आणि पहिल्या दुपारी त्या मुलाला कोणीही मागू नका.