न्यूयॉर्कचा शिक्का, नाझरेथची गिटार

डेलावेअर नदीचा पूल ओलांडून ईस्टन मागे पडलं, की पेनसिल्व्हेनियाच्या रस्त्यांवर बायबल सुरू होतं. एका पाटीवर बेथलेहेम, दुसरीवर इमाउस, आणि आमची वाट नाझरेथची. न्यू जर्सीतल्या एडिसनहून तास-सव्वा तासाचा रस्ता. गाडी माझा भाचा चालवत होता. त्याची नोकरी संगणकावरची, जीव गिटारीत. त्याला मार्टिन कंपनीचा कारखाना पाहायचा होता, मला जुनं गाव. वाटणी ठरली: सकाळ माझी, उरलेला दिवस त्याचा.

गाव यायच्या आधी सिमेंटचे कारखाने दिसतात. या खोऱ्यातल्या चुनखडीवर अर्ध्या अमेरिकेचं काँक्रीट उभं राहिलं असं इथली माणसं अभिमानाने सांगतात. अभिमानातली अतिशयोक्ती वजा केली तरी बरंच उरतं. मोटारशर्यतींचा मारिओ आंद्रेत्तीही इथलाच, त्यामुळे गावात त्याच्या नावाची वर्दळ आहे. ते सगळं पटकन मागे टाकून आम्ही व्हाइटफील्ड हाउसपाशी थांबलो. जाड दगडी भिंतींची, उतरत्या छपराची ती इमारत आज मोरेव्हियन इतिहासाचं संग्रहालय आहे. शेजारीच 1740 सालचं ग्रे कॉटेज नावाचं ओंडक्यांचं घर.

या दोन घरांची जन्मकथा भांडणाची आहे. जॉर्ज व्हाइटफील्ड हा त्या काळचा गाजलेला धर्मोपदेशक. कृष्णवर्णीय अनाथ मुलांसाठी शाळा बांधावी म्हणून त्याने इथे 5000 एकर जमीन घेतली आणि 1740 मध्ये मोरेव्हियन पंथाचे सुतार-गवंडी कामाला लावले. काम चालू असताना धर्मतत्त्वांवरून वाद पेटला आणि साहेबांनी कारागिरांना जागा सोडून जायला फर्मावलं. पुढच्याच वर्षी साहेबांचे पैसे संपले, आणि ज्यांना हाकललं होतं त्यांच्याच पंथाने ती सगळी जमीन विकत घेतली. अर्धवट राहिलेलं घर त्यांनीच 1743 मध्ये पुरं केलं. अनाथांची शाळा मात्र कधी झाली नाही.

मोरेव्हियनांनी मग इथे आपल्या पद्धतीचं गाव वसवलं. पंथाबाहेरच्या माणसाला गावात घर-जमीन घेता येत नसे, आणि कोणी कोणता धंदा करावा यातही मंडळींचा शब्द चाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. माणसं मात्र संगीतवेडी. त्यांच्या वस्त्यांत तार-वाद्यं आणि ट्रॉम्बोनचे ताफे होते. कोणी वारलं तर ती बातमीसुद्धा ट्रॉम्बोनवर कळवत. गिटारीचा कारखाना अशा गावाच्या वेशीवर येऊन ठेपला यात नवल नाही. वेशीवर हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा.

क्रिस्तियन फ्रिडरिश मार्टिन 1796 साली जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, मार्कनॉयकिर्शन गावी जन्मला. बाप कपाटं-टेबलं करणारा सुतार. मुलगा व्हिएन्नात योहान गेओर्ग श्टाउफर या नामांकित गिटारकाराच्या हाताखाली तयार झाला आणि घरी परतला, तो थेट कज्ज्यात. गावात व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ बलवान होता. त्यांचं म्हणणं, वाद्य घडवणं ही कलावंतांची मिरास. सुतारांनी फर्निचर करावं, गिटारीला हात लावू नये. सुतारांचं उत्तर असं की गिटार हे अलीकडचं वाद्य, त्यावर कोणाचीही सनद नाही. आणि आमचा मार्टिन श्टाउफरकडे काम करून आलाय, त्याची गिटार बघा. 1826 पासून अर्जविनंत्या सुरू होत्या. निकाल सुतारांच्या बाजूने लागला, तरी मार्टिन 1833 मध्ये बायकामुलांसह न्यूयॉर्कला निघून आला. मला यात त्याचा कंटाळा दिसतो. खटला जिंकूनही ज्या गल्लीत रोज नजर चुकवून चालावं लागतं तिथे पटाशी चालवायला मन लागत नाही.

न्यूयॉर्कही त्याला फार मानवलं नाही. हाइनरिश शाट्झ नावाचा त्याचा जुना स्नेही आधीच पेनसिल्व्हेनियाच्या या भागात येऊन राहिला होता. त्याच्या मागोमाग 1838-39 च्या सुमाराला मार्टिन कुटुंब इथे आलं आणि चेरी हिल नावाच्या टेकाडावर जागा घेऊन राहिलं. चेरी हिल गावाच्या हद्दीबाहेर. गाव सगळ्यांना खुलं झाल्यावर ते आत आले, आणि 1859 मध्ये नॉर्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर कारखान्याची विटांची इमारत उभी राहिली.

गंमत अशी, की नाझरेथला आल्यावरही जवळजवळ साठ वर्षं गिटारीच्या आत शिक्का ‘न्यूयॉर्क’चाच होता. माल विकणारे अडते न्यूयॉर्कचे, गिऱ्हाइकाचा विश्वासही त्याच शहराच्या नावावर. 1890 च्या दशकात तिसऱ्या पिढीच्या फ्रँक हेन्री मार्टिनला मँडोलिन करायची होती. अडत्याला ती नको होती. त्यावरून फाटलं, विक्री कंपनीने स्वतःच्या हाती घेतली, आणि 1898 पासून शिक्क्यात नाझरेथ आलं. त्याच वर्षी प्रत्येक गिटारीवर क्रमांक टाकायला सुरुवात झाली. तोवर अंदाजे 8000 गिटारी झाल्या असाव्यात असा हिशेब धरून त्यांनी तिथून पुढे मोजलं.

“पासष्ट वर्षांत आठ हजार?” भाच्याने विचारलं. “मावशी, तुला माहितेय 1971 मध्ये एका वर्षात किती केल्या? बावीस हजारांवर.”

तोवर आम्ही सिकमोर स्ट्रीटवरच्या 1964 च्या कारखान्यात पोचलो होतो. बाहेरून बसकी, लांबलचक, एखाद्या सरकारी गोदामासारखी इमारत. आत शिरल्यावर आधी वास येतो. लाकडाच्या भुशाचा, सरसाचा, आणि त्यात मिसळलेला शिसवाचा गोडसर, जरा मिरीसारखा वास. तो मला ओळखीचा होता, आणि त्याला कारण आहे. गिटारीच्या पाठीला आणि कुशींना मार्टिन पूर्वी ब्राझिलचं रोजवुड वापरत असे. ब्राझिलने ओंडके बाहेर जाऊ देणं थांबवत आणलं, तेव्हा 1969 च्या अखेरीस कंपनी भारतीय रोजवुडकडे वळली. म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढतो तोच शिसव. गिटारींसाठीचं बरंचसं लाकूड दक्षिणेत कॉफीच्या मळ्यांवर सावलीला लावलेल्या झाडांचं असतं. ‘ब्राझिल’वाल्या जुन्या गिटारी म्हणजे खरा माल आणि आपला शिसव म्हणजे तडजोड, अशी हळहळ गिटारवाल्यांत अजून ऐकू येते. डोळे बांधून वाजवायला दिलं तर त्यातले किती जण दोन्ही वेगळ्या ओळखतील, याबद्दल मला शंका आहे. भाच्याला नाही.

कारखाना पाहणं म्हणजे बाकांच्या रांगांमधून चालणं. कुशीच्या पातळ फळ्या वाकवून साच्यात बसवलेल्या, आणि त्यांच्या आतल्या कडेला चिकटवलेली दातेरी पट्टी सुकेपर्यंत धरून ठेवायला चक्क कपडे वाळत घालायचे चिमटे. एकेका गिटारीला काटेरी माळ घातल्यासारखे डझनावारी. पलीकडे यंत्रं आहेत. दांडी कोरणारं संगणकी यंत्र आहे, पॉलिशची झिलई काढणारा रोबो आहे. पण दांडी आणि खोका जिथे जुळतात तो डव्हटेलचा सांधा अजून माणूसच बसवतो. एक बाई पटाशीने नखाएवढी कपची काढत होती, दांडी बसवून बघत होती, परत काढत होती. खडूच्या खुणेवरून कुठे घासतंय ते पाहायचं, पुन्हा कपची. आमच्या डोळ्यांदेखत हे बराच वेळ चाललं आणि तिने मान वर केली नाही. दांडीचा कोन केसभर चुकला तर ती गिटार जन्मभर बोटांना त्रास देणार, हे तिला ठाऊक आहे आणि तिच्यामागे घड्याळ घेऊन उभं कोणी दिसलं नाही. माझ्या मते दर्जा म्हणतात तो मुख्यतः हाच. पण ते घड्याळ कायम दूर राहिलेलं नाही.

1930 च्या मंदीत कंपनीने पगार कापले, आठवड्याचं काम तीन दिवसांवर आणलं, पण माणसं धरून ठेवायची धडपड केली. दुसऱ्या कारखान्यासाठी व्हायोलिनचे भाग केले, लाकडी दागिनेसुद्धा करून पाहिले. आणि नेमक्या याच पडत्या काळात हातांना मिळालेल्या सवडीतून आज सर्वांत मोलाच्या मानल्या जाणाऱ्या गिटारी निघाल्या. ब्रिटिश युद्धनौकेचं नाव घेतलेला मोठ्या अंगाचा ‘ड्रेडनॉट’ घाट 1931 मध्ये मार्टिनच्या स्वतःच्या नावाने बाजारात आला. 1933 मध्ये गाणारा काउबॉय जीन ऑट्री याच्यासाठी पहिली डी-45 झाली. युद्धात हे काम थांबेपर्यंत डी-45 फक्त 91 झाल्या, आणि आज त्यातली एखादी विकायला निघाली तर किंमत लाखो डॉलरांत जाते.

त्या गिटारींच्या आवाजाचं मर्म आत आहे. वरच्या फळीच्या, म्हणजे सतारीला जिला तबली म्हणतात तिच्या, पोटाला इंग्रजी एक्सच्या आकारात पट्ट्या चिकटवलेल्या असतात. पोलादी तारांचा 70-80 किलोंचा ताण त्या पेलतात. युद्धापूर्वी या पट्ट्या मधे तासून खोलगट करत. फळी मोकळी थरथरायची, आवाज खोल यायचा. मग वादक जास्त जाड तारा लावू लागले, फळ्या फुगून गिटारी दुरुस्तीला परत येऊ लागल्या. 1944 च्या अखेरीला कंपनीने पट्ट्या तासणं बंद केलं. पुढे 1960 च्या दशकाच्या शेवटी, तारा ज्यावर टेकतात त्या पुलाखालची मेपलची छोटी फळी काढून रोजवुडची मोठी बसवली, कारण तेच, तक्रारी नकोत. प्रत्येक निर्णय त्या-त्या वेळी शहाणपणाचाच होता. त्या सगळ्यांची बेरीज केली तर मजबूत पण घुमी गिटार हाती येते.

लोकसंगीताच्या लाटेत मागणी इतकी चढली की गिटारीसाठी वर्षावर वर्षं थांबावं लागे. म्हणून तर हा नवा कारखाना. मग आकडा धावायला लागला. सूत्रं फ्रँक हर्बर्ट मार्टिनकडे होती आणि कंपनी बँजो, ड्रम, तारा, स्वीडनमधला गिटार-कारखाना असं काहीबाही विकत घेत सुटली होती. 1970 च्या दशकातल्या बऱ्याच गिटारींचा पूल किंचित चुकीच्या जागी बसलाय, वरच्या पडद्यांवर सूर हलतो, असं दुरुस्ती करणारे कारागीर सांगतात. 1977 मध्ये कामगार संपावर गेले आणि तो संप लांबून पुढच्या वर्षात गेला. घराण्याची कंपनी, सगळे एका कुटुंबातले, ही भाषा इथेही होतीच. कुटुंबाच्या भाषेचा एक तोटा असा, की पगाराचा प्रश्न विचारणारा माणूस लगेच घरभेद्या ठरतो. कारखान्यातल्या संग्रहालयात काचेच्या कपाटांत गाजलेल्या वादकांच्या गिटारी भरपूर आहेत. त्या संपावर मात्र तिथे माझी नजर फार वेळ रेंगाळावी असं काही मला आढळलं नाही.

1982 पर्यंत वर्षाचं उत्पादन तीन हजारांच्या आसपास घसरलं होतं. फ्रँक हर्बर्टला पद सोडावं लागलं. 1986 मध्ये आजोबा वारल्यावर सहाव्या पिढीचा ख्रिस मार्टिन तिशीतच प्रमुख झाला. त्याच्या काळात नफ्यातला वाटा कामगारांना देण्याची पद्धत आली. पट्ट्या तर त्याच्या आधीच, 1976 मध्ये, एचडी-28 या गिटारीत पुन्हा तासायला घेतल्या होत्या. म्हणजे तक्रारी टाळायच्या म्हणून सोडलेलं काम बत्तीस वर्षांनी गिऱ्हाइकाच्याच आग्रहाने परत आलं, आणि तेही कंपनीच्या सर्वांत वाईट काळात. चांगली मालकी म्हणजे चांगली गिटार इतकं सरळ गणित मला यात मांडता येत नाही. बाकावरच्या माणसाला काय करायचं ते बहुधा ठाऊकच असतं. त्याला ते कधी करू देतात, एवढाच प्रश्न.

बाहेरच्या दालनात भिंतीवर गिटारी टांगलेल्या असतात, कोणीही काढून वाजवाव्यात. भाच्याने आधी एचडी-28 घेतली. मग त्याने एक छोटी, स्वस्तातली गिटार काढली. हिच्या पाठीला लाकूड नाही, दाबून केलेल्या कागदी थरांवर लाकडाचं चित्र आहे. ही मेक्सिकोतल्या नावोहोआ गावच्या कारखान्यात होते. दहा लाखावी मार्टिन व्हायला 1833 पासून 2004 उजाडलं. वीस लाखावी 2017 मध्येच झाली, आणि त्या वेगात नावोहोआचा हिस्सा मोठा आहे. नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्याला म्हटलं, “अरे, पहिल्या मार्टिनलाही सुतार म्हणून हिणवलं होतं.” त्याने ती छोटी गिटार पुन्हा सुरात लावली आणि बराच वेळ वाजवली. शेवटी म्हणाला, “प्रवासाला बरी आहे. पण पोटात काही नाही हिच्या.”

निघताना त्याने दुकानातून तारांची दोन पाकिटं घेतली. मार्टिनच्या तारा कुठे होतात, असं मी गल्ल्यावरच्या मुलाला विचारलं. तोही नावोहोआच म्हणाला.