हुंकार थांबेपर्यंत

सत्तरच्या दशकात गावच्या घरात निजायची तयारी दिवेलागणीलाच सुरू व्हायची. शुभंकरोती, रामरक्षा, मग परवचा. आजोबांच्या आग्रहामुळे पावकी-निमकीही सुटायची नाही. जेवणं उरकली की माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरुणं पडायची. सतरंज्यांवर गोधड्या, एका मच्छरदाणीत तीन-तीन भावंडं आणि कडेला आजी. कंदिलाची वात बारीक झाली की सगळी तिच्याकडे सरकायची.

गोष्टीला अट एकच होती, ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं. हुंकार आला की गोष्ट पुढे जाई, मंदावला की आजीचा आवाज उतरे, थांबला की गोष्टही थांबे. आज वाटतं, आपल्या लोककथांची घडणच यासाठी झाली असावी. चिऊ-काऊची गोष्ट घ्या. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा पावसात दार ठोठावतो आणि चिऊ एकेक काम सांगत त्याला थांबवते. बाळाला न्हाऊ घालायचंय, अंग पुसायचंय, काजळ घालायचंय. मूल टक्क जागं असेल तर चिऊची कामं वाढत, पेंगत असेल तर दार लवकर उघडे. भोपळ्यातून जाणाऱ्या म्हातारीला वाटेत किती जनावरं भेटणार, तेही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर ठरायचं. रोज तीच गोष्ट आणि रोज वेगळी लांबी.

त्या दिवसांत उणंही बरंच होतं. आई झाकपाक करून, विरजण लावून येईपर्यंत आम्ही झोपलेलो असायचो. गोष्ट सांगायला तिला सवडच मिळाली नाही. वडील ओसरीवर रेडिओच्या बातम्या ऐकत. बापानं मुलाला थोपटून निजवायचा रिवाजच नव्हता. पुस्तक म्हणाल तर 'चांदोबा'चा अंक, तोही घरोघर फिरून पानं सुटलेला.

आज माझा मुलगा शहरातल्या फ्लॅटमध्ये त्याच्या चार वर्षांच्या लेकीला निजवतो. दात घासून घेतो, रात्रीचे कपडे घालतो, शेजारी आडवा होऊन माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' वाचून दाखवतो. ती चित्रांवर बोट ठेवून प्रश्न विचारते, तो उत्तरं देतो. बापलेकीची ही जवळीक आमच्या पिढीला मिळाली नाही. ती पाहताना मन भरून येतं.

पण ऑफिसचं काम लांबतं, तेव्हा तिच्या हाती मोबाइल येतो. त्यातही चिऊ-काऊ असतात, रंगीत आणि गाणारे. काळजी वाटते ती तिथेच. त्या आवाजाला तिच्या हुंकाराची गरज नाही. ती पेंगली तरी त्याचा वेग तोच, आणि एक गोष्ट संपली की दुसरी आपोआप सुरू. शिवाय पडद्याचा उजेड झोप आणणाऱ्या मेलाटोनिनला मागे रेटतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप हवी आणि पडद्यासमोर बसणं दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असं त्यात म्हटलं आहे. बसल्या वेळी मोठ्यांनी वाचून दाखवावं, गोष्टी सांगाव्यात, असंही सुचवलं आहे. शाळेचं तोंड न पाहिलेली आजी रोज रात्री तेच करत होती.

एकत्र कुटुंबातलं ते माजघर आता परत येणार नाही, आणि त्यातले आईचे कष्ट तर येऊच नयेत. हुंकाराची रीत मात्र दोन खोल्यांच्या घरातही चालते. दमूनभागून आलेल्या आईबापांना रोज नवी गोष्ट सुचायला हवी असंही नाही, कारण लहान मुलं जुनीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवावा, दिवा मालवावा आणि चिऊला हवी तेवढी कामं लावावीत. आपल्या 'हूं'साठी कुणीतरी थांबतं, हा अनुभव प्रत्येक मुलाला रोज रात्री मिळायलाच हवा. पुढे जगात वावरताना आपलं म्हणणं कुणी ऐकेल हा भरवसा त्याला इथूनच मिळतो.