उलटे सोवळे

आपल्या मराठी भाषेने कुत्र्याला फारसे बरे वागवलेले नाही. कोणाची दुर्दशा झाली की त्याचे हाल कुत्रा खात नाही. कोणाचा स्वभाव सुधारत नसला की कुत्र्याच्या शेपटीचा आणि नळीचा दाखला निघतो. आणि बेवारशी, तडफडून आलेल्या मरणाला तर 'कुत्र्याचे मरण' हेच नाव. मराठीची प्राध्यापिका म्हणून हे सारे शब्दप्रयोग मी वीस वर्षे अगदी निर्विकारपणे उच्चारत आले. गेल्या वर्षीच्या श्रावणात मात्र त्यांतला शेवटचा शब्दप्रयोग मी फार जवळून पाहिला, आणि तेव्हापासून तो माझ्या तोंडून सहजासहजी निघत नाही.

आमच्या घरी कुत्रे येण्याला खरी अडचण सासूबाईंची होती. त्यांचे वय शहात्तर, देवपूजा रोजची, आणि सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत अधिकार असा की आम्हां कोणाची बोलायची प्राज्ञा नाही. आमच्या अकरा वर्षांच्या कन्येने हट्ट धरला तेव्हा त्या म्हणाल्या, "दारात बांधा. घरात नको." आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, आमच्या दारात लिफ्ट आहे!

कॉलेजच्या सायकल-स्टँडमागे (म्हणजे नाव सायकल-स्टँड, आता तिथे औषधालाही सायकल सापडत नाही) एका गावठी कुत्रीला पाच पिल्ले झाली होती. शिपाईमामांनी त्यांतली दोन एका खोक्यात घालून आणली. एक अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या बंगल्यावर गेले, दुसरे आमच्याकडे आले. गुळाच्या ढेपेसारखा रंग, आणि एक कान कायमचा दुमडलेला. कन्येने त्याचे नाव 'ब्रूनो' ठेवले. ते जेमतेम एक दिवस टिकले. "आपलं कुलदैवत खंडोबा," सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या पायाशी कुत्रं असतंच. खंड्या म्हणा." घरात नको असलेल्या कुत्र्याचे बारसे अशा रीतीने त्यांनीच उरकले.

आणल्याच्या तिसऱ्या दिवशी दोन्ही पिल्लांना पहिले इंजेक्शन दिले गेले. आठव्या दिवशी सकाळी खंड्याने दूधभाताकडे पाठ फिरवली. दुपारी फेसाची उलटी झाली. संध्याकाळी जे झाले ते दिवाळी अंकात लिहावे की नाही, असा मला प्रश्न पडला होता. पण ज्यांच्या घरी पिल्लू आहे त्यांना ते ठाऊक असलेले बरे. जुलाब, त्यात रक्त, आणि एकदा नाकात गेली की विसरता येणार नाही अशी दुर्गंधी. सात-आठ आठवड्यांचा तो जीव कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

डॉक्टरांनी काडीला लागलेला नमुना एका पट्टीवर टाकला. दहा मिनिटांत तिच्यावर दुसरी रेघ उमटली. "पार्वो," ते म्हणाले.

लॅटिनमध्ये 'पार्वस' म्हणजे लहान. हा विषाणू खरोखरच विषाणूंतही बारका. पण माझ्या कानांना 'पार्वो' म्हटल्याबरोबर महाभारतातले पर्व आठवले, आणि तेही नेमके महाप्रस्थानिक. ज्यात धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायचे नाकारतो ते. भाषा शिकवणाऱ्याचे डोके संकटातही असे भलतीकडे धावते. डॉक्टरांनी मला जमिनीवर आणले. हा रोग कुत्र्यांच्या इतिहासात अगदी अलीकडचा. 1978 साली तो प्रथम ओळखला गेला, आणि जगातल्या कुठल्याच कुत्र्याच्या अंगी त्याच्याविरुद्ध ताकद नसल्यामुळे दोनेक वर्षांत साऱ्या पृथ्वीवर पसरला. मांजरांच्या एका जुन्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते आहे. शरीरात ज्या पेशी सर्वांत वेगाने वाढतात त्यांच्यावर तो तुटून पडतो. म्हणजे आतड्याचे अस्तर आणि हाडांतला मगज. आतडे सोलवटून निघते, त्याच वेळी रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. घर लुटले जात असताना पहारेकरीही नाहीसे व्हावेत, तसला प्रकार.

"पण इंजेक्शन तर दिलं होतं," हे म्हणाले.

त्यावर डॉक्टरांनी जे सांगितले ते मला फार विलक्षण वाटले. एक तर लशीला काम करायला पुरेसे दिवसच मिळाले नव्हते. शिवाय पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून संरक्षण मिळते. पण तेच संरक्षण लशीलाही शत्रू समजून निष्प्रभ करते. मग ते हळूहळू ओसरू लागते. मध्ये काही दिवस असे येतात की आईची शिदोरी रोगाला अडवण्याइतकी उरलेली नसते, आणि लशीला मात्र अडवण्याइतकी असते. ही फट कोणत्या पिल्लाच्या बाबतीत केव्हा येईल हे बाहेरून दिसत नाही. म्हणून तर सहा-आठ आठवड्यांपासून पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पुरे होईपर्यंत, पुन्हा पुन्हा लस द्यावी लागते. खंड्या त्या फटीत सापडला असेल, किंवा लशीच्या आधीच त्याला लागण झाली असेल.

या विषाणूला थेट मारणारे औषध त्यांच्याजवळ नव्हते. शिरेतून सलाइन, उलटी थांबवायचे औषध, दुसऱ्या जंतूंनी संधी साधू नये म्हणून प्रतिजैविके, आणि वाट पाहणे. उपचार झाले नाहीत तर दहांतली नऊ पिल्ले जातात. वेळेवर झाले तर बरीचशी वाचतात. सांसर्गिक रोग्याला रात्री ठेवून घेण्याची सोय त्या दवाखान्यात नव्हती. सकाळ-संध्याकाळ न्यायचे, वेगळ्या खोलीत सलाइन लावून बसायचे आणि घरी आणायचे. निघताना ते म्हणाले, "माणसाला हा होत नाही. पण माणूस तो घेऊन फिरतो. हातावर, चपलेवर, साडीच्या काठावर. मातीत तो महिनोन् महिने जिवंत राहतो, आणि नेहमीची पुष्कळशी जंतुनाशकं त्याला दाद देत नाहीत. आधी घाण साबणानं धुवायची, मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून ते दहा मिनिटं तसंच ठेवायचं."

हे सारे मी घरी येऊन सांगितले. कन्या रडत होती, हे मोबाइलवर काहीतरी शोधत होते. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे इकडचं तिकडे न्यायचं नाही, एवढंच ना? अगं, मग हे सोवळंच की! फक्त उलटं."

आणि पदर खोचून त्या उठल्या.

धुण्याच्या यंत्राची आमची जी चिंचोळी बाल्कनी आहे, ती खंड्याची खोली ठरली. दाराच्या आत एक खुंटी. तिच्यावर एक जुने पातळ आणि एक जुना सदरा. आत जाणाऱ्याने ते घालायचे, बाहेर येताना तिथेच सोडायचे. आतल्या चपला आत. उंबऱ्याशी ब्लीचच्या पाण्याचे घमेले. खंड्याची वाटी, फडके, बादली, सारे वेगळे. स्वयंपाकघरातल्या कशाचाही त्याला स्पर्श नाही. अंथरायला वर्तमानपत्रे आणि जुनेराचे तुकडे. तुकडा खराब झाला की पिशवीत बांधून टाकायचा, धुऊन परत आणायचा मोह धरायचा नाही. आत एका वेळी एकच माणूस. 2020 साली आपण सगळेच विलगीकरण शिकलो असे मला वाटत होते. पण आम्ही जे धसक्याने केले होते, ते सासूबाई सवयीने करीत होत्या. त्यांच्या आजीने 1897 च्या प्लेगात पुण्याबाहेर झोपड्या बांधून राहिलेल्या लोकांच्या गोष्टी त्यांना सांगितल्या होत्या. त्या गोष्टी सांगत त्या फरशी पुसत.

ज्या सोवळ्याने आपल्या समाजात माणसांना माणसांपासून दूर ठेवले, त्याचे कौतुक माझ्याने कधी होणार नाही. पण ते वळण एका आजारी जनावरासाठी राबताना पाहून माझी मती थोडी गुंग झाली, हे मात्र खरे. त्या सोवळ्यात स्वतःला विटाळ होऊ नये अशी काळजी असे. या सोवळ्यात आपल्यामुळे दुसऱ्याला काही होऊ नये, ही.

दुसऱ्याला म्हणजे कोणाला? आमच्या इमारतीत चार कुत्री आहेत, आणि जिन्याखाली एका भटक्या कुत्रीची वीत-वीतभर पिल्ले होती. तळमजल्यावरच्या काकूंनी तिसऱ्या दिवशी निरोप धाडला, की पिल्लाला इथून हलवा. आमच्या कुत्र्याला काही झाले तर? मला राग आला. सासूबाईंना आला नाही. "त्यांचं काय चुकलं?" एवढेच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून खंड्याला दवाखान्यातून आणले की दुसऱ्या मजल्यापासून फाटकापर्यंतचा जिना ब्लीचने पुसून घेऊ लागल्या. हे बादली धरीत, त्या पायऱ्या मोजत.

चौथी रात्र सर्वांत वाईट. खंड्या इतका गार पडला होता की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या पोटाशी ठेवावी लागली. साखर उतरू नये म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी त्याच्या हिरड्यांना बोटाने मध चोळत होते. पुढच्या पायाला सलाइनच्या सुईची पट्टी, आणि डोळे उघडे. पण बघत नव्हते. बाहेर पाऊस लागला होता. सासूबाई दाराच्या काचेपलीकडे स्टूल टाकून बसल्या होत्या, आत एकच माणूस हा त्यांचाच नियम. मध्येच त्या काचेवर बोट वाजवीत, मी मान हलवी; म्हणजे आहे. असे पहाटेपर्यंत चालले.

पहाटे मोबाइल वाजला. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचा होता. त्यांचे पिल्लू एक दिवस आधी आजारी पडले होते; तोच रोग, तेच उपचार, तितकीच धावपळ. ते गेले. त्यांचा मुलगा माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. "तो काही बोलतच नाही हो," एवढे म्हणून ते थांबले. मला काय बोलावे सुचेना. माझ्या मांडीवर त्याच पिल्लाचा भाऊ होता, आणि त्याचे पोट अजून हलत होते.

खंड्या का वाचला आणि त्याचा भाऊ का गेला, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. सहाव्या दिवशी उलट्या थांबल्या. सातव्या दिवशी त्याने वाटीतले पाणी चाटले, आणि माझ्याकडे न बघता शेपटीचे टोक दोनदा जमिनीवर आपटले. मग डॉक्टरांनी उकडलेल्या कोंबडीचे पाणी आणि मऊ भात चमचा-चमचा द्यायला सांगितले. सोवळे पुन्हा सुलट झाले! आमच्या घरात कोंबडी शिजणे म्हणजे महाप्रलय. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. अखेर म्हणाल्या, "औषधाला दोष नसतो. पण माझ्या पातेल्यात नको." तेवढ्यात तळमजल्यावरच्या त्याच काकूंचा डबा वर आला. जिना रोज पुसला जाताना त्या बघत होत्या. डबा परत न्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला, आणि तेही शास्त्राला धरूनच होते.

बरा झाल्यावरही दोनेक आठवडे पिल्लू विषाणू टाकीत राहते, म्हणून खुंटीवरचे पातळ आणखी पंधरा दिवस तिथेच होते. दरम्यान सायकल-स्टँडची जागा धुऊन निघाली, आमच्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तिथल्या उरलेल्या तीन पिल्लांना आणि आमच्या जिन्याखालच्यांना लस दिली. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने हिशेब असा चोख ठेवला की तिला भाषाशास्त्रात पाच गुण वाढवून द्यावेत असे मला फार वाटले. दिले नाहीत.

बंगल्यावरचा मुलगा पंधरा दिवसांनी खंड्याला पाहायला आला. त्याने त्याचा दुमडलेला कान सरळ करून पाहिला, आणि डॉक्टरांचा पत्ता विचारला. त्याला एकच विचारायचे होते: दुसरे पिल्लू केव्हा आणता येईल? बागेतली माती असल्यामुळे डॉक्टरांनी वर्षभर थांबायला सांगितले, आणि नंतरही लशींचा क्रम पूर्ण झालेलेच पिल्लू आणा म्हणाले. त्याने घरी जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात खुणा करायला सुरुवात केली.

या श्रावणात ते वर्ष पुरे झाले. सायकल-स्टँडच्या कुत्रीला पुन्हा पिल्ले झाली आहेत. त्यांतले एक काळे पिल्लू त्याने निवडून ठेवले आहे. त्याचे शेवटचे इंजेक्शन दिवाळीच्या सुट्टीत आहे. सासूबाईंनी जुनेराची गोधडी शिवायला घेतली आहे. नाव मात्र त्या मुलाने अजून कोणाला सांगितलेले नाही.