कासवाची ओसरी

माहीमच्या आमच्या दोन खोल्यांत ओसरी बांधण्याचा योग मला आला, तो एका कासवामुळे. नातवाने आणले तेव्हा ते रुपयाएवढे होते. आता नातू शिकावयास परगावी गेला आणि बशीएवढे झालेले कासव माझ्याकडे राहिले. लाल कानाची ही जात मूळची अमेरिकेतील मिसिसिपीच्या खोऱ्यातली. पाण्याबाहेर अंग कोरडे करून शेकावयास जागा नसली, तर कवच कुजू लागते.

२०१८ साली थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हापासून आमचे जुने मखर माळ्यावर पडून होते. त्याचेच खडक कोरले, सिमेंटचा लेप दिला, चुना उतरावा म्हणून पाणी बदलत पंधरा दिवस भिजत ठेवले. एवढे करून टाकीत पाणी सोडले मात्र, सारा डोंगर उपटून वर आला! थर्माकोल तरंगते, हे का मला ठाऊक नव्हते? पुन्हा काच कोरडी करून तो सिलिकॉनने चिकटवला.

आठ दिवस कासवाने तिकडे पाहिलेही नाही. "आजोबा, चढलं का?" नातू रोज फोनवर विचारी. आज सकाळी ते चढले. मान व मागचे पाय ताणून उन्हात स्वस्थ पडले आहे. ही कासवे ३० वर्षेही जगतात. माझे वय ७२. ओसरी मी जरा रुंदच ठेवली आहे.