अंगी लागलेले

लहानपणी आई म्हणायची, "ह्याला कितीही घाला, मेलं अंगी म्हणून लागत नाही!" तिची ही तक्रार पुढे माझा अभिमान होऊन बसली. चाळिशी उलटली तरी लग्नातला कोट मला होत असे. खालची गुंडी लागत नसे, पण तिकडे पाहतो कोण? शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेच्या मास्तरांच्या पोटावर सर्वांत अधिक कोट्या मीच केल्या आहेत. माझ्या कादंबऱ्यांतसुद्धा सज्जन तेवढे सडपातळ आणि सावकार ढेरपोटे!

गेल्या श्रावणात शाळेत तपासणीचे शिबिर झाले आणि आम्हा दोघांनाही मधुमेह निघाला. मास्तरांचे मला नवल वाटले नाही. माझ्या बाबतीत मात्र नळ्यांची अदलाबदल झाली असावी, असे मी डॉक्टरीणबाईंना सुचवून पाहिले. त्यांनी काही न बोलता दोघांचे कागद शेजारी शेजारी मांडले. मास्तरांचे वजन ८६ किलो, कंबर १०४ सेंटिमीटर, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ७.१. माझे वजन ६१, कंबर ९१, आणि तो आकडा ९.२!

"गुरुजी, पुरुषाची कंबर नव्वदीच्या आत हवी," बाई म्हणाल्या. "रक्तातली साखर खपते ती बरीचशी स्नायूंत. तुमच्या दंडामांड्यांत ते आहेत कुठे? आणि चरबी आहे, ती पोटात दडलेली."

मग त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची हकीकत सांगितली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही २२.३, परंतु युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळेही अशीच आढळली : इंग्लंडमधल्या बाळांहून वजनाने बरीच कमी, पण चरबी मात्र राखून असलेली.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यातले शास्त्र मला किती कळले कोण जाणे. पण ऐकता ऐकता मला वडील आठवले. ते जन्मभर काटकुळे. पायाची जखम महिना झाला तरी भरेना, तेव्हाही एवढ्या सडसडीत माणसाला मधुमेह कसला, म्हणून आम्ही कुणी त्यांचे रक्त तपासले नाही. पाय कापावा लागला, तेव्हा समजले.

हल्ली पहाटे मास्तर मला फिरायला हाक मारतात. चढावर ते पुढे असतात. मी धापा टाकीत मागे. पोटावरच्या कोट्या बंद आहेत.

परवा रात्री जेवताना आमच्या किडकिडीत मुलीकडे पाहून ही म्हणाली, "हिच्या मेलीच्या काही अंगी लागत नाही!"

माझा घास हातातच राहिला.

"लागतं," मी म्हणालो, "आपल्याला दिसत नाही, इतकंच."